पेंग्विनच्या अंगणात पाहुणे किती?



काही दिवसांपूर्वी नववीतली एक मुलगी वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी घेऊन माझ्याकडे आली. पुरवणीत अर्धे पान भरून एक जाहिरात होती. निळाभोर समुद्र, त्यात तरंगणारे हिमनग, मागे एक डौलदार जहाज, आणि पुढे, जणू पाहुण्यांच्या स्वागतालाच उभे असावेत असे, तीन पेंग्विन. खाली जहाजावरच्या सुखसोयींची यादी होती. सज्जा असलेल्या उबदार खोल्या, गरम पाण्याचा तलाव, रोज नवी पक्वान्ने, लहान पाणबुडीतून समुद्रतळाची सैर आणि हेलिकॉप्टरमधून हिमनद्यांचे दर्शन! सफर अंटार्क्टिकाची होती. अशा आलिशान सफरीला माणशी दहा-पंधरा लाख रुपये, आणि त्याहून पुष्कळ अधिकही, मोजावे लागतात.

मुलीचा प्रश्न पैशांचा नव्हता. चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "सर, माणसं इतक्या जवळ जातात, तरी हे पेंग्विन पळत कसे नाहीत?"

प्रश्न लहान होता, पण चांगला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही दोघे एका मोठ्या प्रश्नापाशी येऊन थांबलो. तोच आज तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडायचा आहे. या लेखात माहिती आहे, तसे माझे मतही आहे. माहिती तपासून पाहा. आणि मत पटले नाही, तर वर्गात त्यावर खुशाल वाद घाला.

भीती कोणाची?

अंगणात दाणे टिपणारी चिमणी आपण पाऊल उचलताच भुर्रकन उडून जाते. मांजर, साप, मुंगूस असे तिचे शत्रू जमिनीवर पुष्कळ आहेत. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर मात्र एकही हिंस्र चतुष्पाद प्राणी नाही. तेथे कोल्हा नाही, लांडगा नाही आणि अस्वलही नाही. पांढरे अस्वल राहते उत्तर ध्रुवाकडे, तर पेंग्विन दक्षिणेकडे. दोघांची गाठ पडते ती फक्त गोष्टीच्या पुस्तकात! पेंग्विनला धास्ती असते ती पाण्यातल्या लेपर्ड सीलची आणि वरून झडप घालून अंडी व पिले पळवणाऱ्या स्कुआ पक्ष्याची. जमिनीवरून चालत येणारे काहीतरी जिवावर बेतू शकते, हे शिकण्याची पाळी त्याच्या पूर्वजांवर आलीच नाही. म्हणून तो पळत नाही. उलट कधीकधी कुतूहलाने आपणच माणसाच्या जवळ येतो.

या निर्भयपणाचा माणसाने पूर्वी काय उपयोग केला, हे वाचले की मान खाली जाते. १८१९ साली अंटार्क्टिकाजवळच्या साउथ शेटलंड बेटांचा शोध लागला. तेथील फर सीलही माणसाला भीत नव्हते. कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी अवघ्या काही वर्षांत त्यांचा जवळजवळ निर्वंश केला. विसाव्या शतकात तीच गत देवमाशांची झाली.

आज त्याच बेटांवर माणूस सोटा घेऊन नव्हे, तर कॅमेरा घेऊन उतरतो. हा बदल निःसंशय चांगला आहे. पण सोटा टाकून दिला म्हणजे आपण निरुपद्रवी झालो, असे समजायचे का? खरा प्रश्न येथून सुरू होतो.

सत्तावन्न ते सव्वा लाख

अंटार्क्टिकाच्या आजच्या सफरींची सुरुवात १९६६ सालची. लार्स-एरिक लिंडब्लाड या सफर-व्यावसायिकाने आर्जेन्टिनाच्या नौदलाचे एक जहाज भाड्याने घेतले आणि ५७ प्रवाशांना तेथे नेले. पुढे १९६९ मध्ये त्याने अशा सफरींसाठीच खास एक लहान जहाज बांधून घेतले. त्याचे म्हणणे असे, की लोकांनी हा प्रदेश डोळ्यांनी पाहिला तरच त्यांना तो जपावासा वाटेल. त्याच्या जहाजांवर प्रवाशांबरोबर निसर्गशास्त्रज्ञ असत, त्यांची व्याख्याने होत. करमणुकीपेक्षा शिकण्यावर भर असे.

पुढची पंचवीस वर्षे ही वाढ बेताची होती. १९९०च्या सुमारास दर हंगामात सहा-सात हजार प्रवासी जात. त्यानंतर मात्र आकडे झपाट्याने चढले. २०१९-२० च्या हंगामात सुमारे ७४,००० प्रवासी गेले. मध्ये करोनाच्या साथीमुळे खंड पडला. आणि २०२३-२४ च्या हंगामात ही संख्या सुमारे १,२२,००० झाली! त्यांपैकी जवळजवळ ४३,००० लोक किनाऱ्यावर न उतरता जहाजावरूनच पाहून परतले. बाकीचे उतरले.

अंटार्क्टिकाचे क्षेत्रफळ आहे सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. मग एवढ्या विस्तीर्ण खंडावर लाख-सव्वा लाख माणसे म्हणजे दर्यात खसखस, असे कोणीही म्हणेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण नकाशा समोर घेऊन बसलो आणि माझी चूक माझ्या लक्षात आली.

खंड मोठा, अंगण लहान

या खंडाचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग बर्फाखाली गाडलेला आहे. उघडी जमीन एक टक्काही नाही. ॲडेली, जेंटू आणि चिनस्ट्रॅप या जातींचे पेंग्विन खडे गोळा करून घरटे करतात. त्यांना ही उघडी जमीनच लागते. सीलही विसाव्याला अशाच किनाऱ्यांवर येतात. सपुष्प वनस्पतींच्या येथे अवघ्या दोन मूळ जाती आहेत. एक गवत आणि एक उशीसारखी गच्च वाढणारी लहानशी वनस्पती. त्यांनाही रुजायला हीच जमीन हवी. निरनिराळ्या देशांची अनेक संशोधन केंद्रे अशाच जागी उभी आहेत. आणि जहाजावरून रबरी होड्यांत बसून येणारे प्रवासी उतरतात तेही येथेच.

त्यातही बहुतेक सर्व जहाजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील उशुआया बंदरातून निघतात, दोन दिवसांत ड्रेक सामुद्रधुनी ओलांडतात आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प नावाच्या एका चिंचोळ्या पट्ट्याकडेच जातात. कारण तो जवळ आहे, सुंदर आहे आणि तेथे प्राणी-पक्षी भरपूर आहेत. शिवाय जहाजे जाऊ शकतात ती नोव्हेंबर ते मार्च या उन्हाळ्याच्या महिन्यांतच. पेंग्विनची अंडी घालण्याची, पिले वाढवण्याची धांदल असते तीही नेमकी याच महिन्यांत.

म्हणजे पाहा, सव्वा लाख माणसांना भागायचे ते भारताच्या चौपट प्रदेशाने नव्हे, तर काही थोड्या किनाऱ्यांनी आणि चार-पाच महिन्यांनी. घर मोठे असले, तरी सगळे पाहुणे एकाच वेळी एकाच माजघरात, तेही बाळंतिणीच्या खोलीत दाटीने उभे राहिले तर जे होईल, तसा हा प्रकार आहे.

शांत दिसणारा पक्षी शांत असतो का?

"पण पेंग्विन तर घाबरत नाहीत ना?" त्या मुलीने विचारले.

हे पाहायचे कसे? शास्त्रज्ञांनी यासाठी एक नामी युक्ती काढली. उपकरण बसवलेले खोटे अंडे त्यांनी घरट्यात ठेवले आणि त्यावर बसलेल्या पक्ष्याच्या हृदयाचे ठोके मोजले. जेंटू पेंग्विनवर केलेल्या अशा एका अभ्यासात, माणूस सावकाश आणि बेताने वागला तर ठोके फारसे वाढत नाहीत, असे दिसले. हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी ॲडेली पेंग्विनवर वेगळ्या पद्धतीने झालेल्या एका अभ्यासात मात्र, पक्षी बाहेरून स्वस्थ बसलेला दिसत असतानाही माणूस जवळ येताच त्याचे ठोके वाढल्याचे आढळले होते. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, सगळे पेंग्विन सारखे नसतात. आणि दुसरी, बाहेरून शांत दिसणारा प्राणी आतून शांत असेलच असे नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तुम्हीही शांतच दिसता की!

पोर्ट लॉक्रॉय या ठिकाणचे उदाहरणही तुमच्या शिक्षकांना वर्गात सांगण्यासारखे आहे. तेथील एका चिमुकल्या बेटावर ब्रिटनचे जुने केंद्र आहे. त्याचे संग्रहालय झाले असून हजारो प्रवासी ते पाहायला येतात. १९९६ पासून या बेटाचा एक भाग प्रवाशांना खुला ठेवला आणि दुसरा बंद. म्हणजे प्रयोगशाळेत आपण तुलनेसाठी एक परीक्षानळी तशीच ठेवतो ना, तसेच. पहिल्या अभ्यासात दोन्ही भागांतील जेंटूंच्या वाढणाऱ्या पिलांच्या संख्येत फारसा फरक आढळला नाही.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. प्रवासी आले की पेंग्विन मरतात, असे सरसकट विधान शास्त्राला धरून होणार नाही. नियम पाळून, अंतर ठेवून, थोडी माणसे आली तर पक्षी ते सोसतात. अडचण आहे ती वेगळ्या ठिकाणी.

बुटाच्या तळव्यातले बी

माणूस एकटा कधीच प्रवास करत नाही. त्याच्या पिशवीच्या शिवणीत, मोज्यांच्या लोकरीत आणि बुटांच्या तळव्यांच्या खाचांत दूरदेशीची माती आणि गवताचे बी असते. २००७-०८ च्या हंगामात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे आणि सामान तपासून शास्त्रज्ञांनी त्यातले बी मोजले. सरासरी निघाली माणशी साडेनऊ बिया! जगाच्या बहुतेक भागांत उगवणारे एक सामान्य गवत साउथ शेटलंडपैकी किंग जॉर्ज बेटावर १९८०च्या दशकातच एका संशोधन केंद्राजवळ रुजले. हवामान जसजसे ऊबदार होईल तसतसे अशा आगंतुकांचे फावणार आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या द्वीपकल्पाचे तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसने वाढले, हे लक्षात घ्या.

म्हणूनच किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी आणि परतल्यावर बूट जंतुनाशकात बुडवून धुतात, कपड्यांच्या शिवणी साफ करतात. पक्ष्यांपासून किमान पाच मीटर अंतर राखायचे, तेथला खडाही उचलायचा नाही, काही खायचे नाही, असे नियम आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात एच५एन१ हा पक्ष्यांचा घातक फ्लू साउथ जॉर्जिया बेटाजवळ पोचला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर स्कुआ पक्ष्यांत आढळला. तो आणला स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी, प्रवाशांनी नव्हे. पण एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत तो बुटांवरून जाऊ नये, यासाठी जमिनीवर बसण्यास किंवा गुडघे टेकण्यासही मनाई झाली.

या खंडाविषयी पूर्वी किती काळजी घेतली गेली, हेही सांगतो. गाड्या ओढणारी हस्की कुत्री म्हणजे अंटार्क्टिकाच्या शोधमोहिमांचे भूषण. त्यांच्यापासून सीलना रोग होऊ नयेत म्हणून १९९४ पर्यंत एकूण एक कुत्रे तेथून बाहेर काढण्यात आले. कुत्रे गेले. जहाजे मात्र वाढत राहिली.

काजळीचा हिशेब

आता एक प्रयोग करा. बर्फाच्या गोळ्यासाठी किसतात तसा बारीक बर्फ दोन सारख्या ताटल्यांत सारख्याच वजनाचा घ्या. एका ताटलीतल्या बर्फावर दिव्याची काजळी किंवा कोळशाची बारीक पूड अगदी चिमूटभर भुरभुरवा. दोन्ही ताटल्या कडक उन्हात शेजारी शेजारी ठेवा. कोणता बर्फ आधी वितळतो?

कारण तुम्हाला ठाऊक आहे. ताजे, स्वच्छ हिम आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक परत फेकते. काळा कण तोच प्रकाश शोषून घेतो, तापतो आणि भोवतालचे हिम वितळवतो. जहाजाच्या धुराड्यातून, विमानातून आणि वीज निर्माण करणाऱ्या यंत्रांतून अशीच काजळी बाहेर पडते आणि वाऱ्याने हिमावर जाऊन बसते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी द्वीपकल्पाच्या बाजूने सुमारे दोन हजार किलोमीटरच्या टापूत २८ ठिकाणचे हिम गोळा करून त्यातली काजळी मोजली. त्यावरून त्यांनी काढलेला अंदाज असा, की एका पर्यटकाच्या भेटीपायी सुमारे ८३ टन हिम अकाली वितळते. हा अंदाज आहे; त्यात बरेच कमी-जास्त होऊ शकते. तरीही ८३ टन म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर पाणी! पर्यटकाने बर्फाला हातही लावला नसेल. पाच मीटरचा नियम त्याने काटेकोर पाळला असेल. बूटही धुतले असतील. आणि तरीही हिशेब त्याच्या नावावर चढतोच.

आणखी एक हिशेब. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अंटार्क्टिकाच्या एका सफरीत प्रवाशामागे सरासरी साडेपाच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतातील सरासरी माणसाच्या वाट्याचा हा वायू वर्षाला सुमारे दोन टन आहे. म्हणजे आपल्याकडचा माणूस स्वयंपाक, वीज, प्रवास सगळे धरून जवळजवळ पावणेतीन वर्षांत जेवढा वायू सोडतो, तेवढा एका सुट्टीत!

जाहिरातींत आणि गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येते: "हे सगळं वितळून जाण्याआधी एकदा पाहून घ्या." मला या वाक्यात मोठी विसंगती दिसते. आजारी माणसाला भेटायला जाताना त्याच्या खोलीत चूल पेटवण्यासारखे हे आहे. भेटीची ओढ खरी असेल, पण धूर त्यालाच सोसावा लागतो.

आणि अपघात? लिंडब्लाडने बांधून घेतलेले ते लहान जहाज पुढे मालक बदलत गेले. २३ नोव्हेंबर २००७ रोजी साउथ शेटलंड बेटांजवळ ते बर्फावर आदळले आणि बुडाले. सुदैवाने समुद्र शांत होता आणि दुसरे एक जहाज काही तासांत पोचले, म्हणून सर्वच्या सर्व १५४ माणसे वाचली. टाक्यांतले इंधन मात्र समुद्राच्या वाट्याला आले. त्याआधी, जानेवारी १९८९ मध्ये, आर्जेन्टिनाचे एक रसदवाहू जहाज खडकावर चढले. त्यावरही काही पर्यटक होते. त्यातून सुमारे सहा लाख लिटर इंधन सांडले आणि किनाऱ्यावरचे पक्षी व समुद्रजीव दगावले. त्या समुद्रात संकटाच्या वेळी हाताशी फारसे काही नसते. मदत म्हणजे जवळून जाणारे दुसरे जहाज. आणि ते असेलच याची शाश्वती नाही.

दुसरी बाजू

आता सफरीच्या बाजूने जे म्हटले जाते तेही नीट ऐकून घेतले पाहिजे.

पहिला मुद्दा असा, की शास्त्रज्ञ तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? हे खरे आहे. केंद्रांना इंधन लागते, कचरा होतो, इमारतींसाठी तीच मोलाची उघडी जमीन जाते. बियांच्या त्या अभ्यासात तर पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांच्या आणि त्यांच्या मदतनिसांच्या सामानात माणशी अधिक बिया निघाल्या होत्या! फरक इतकाच, की तेथील संशोधनाचा उपयोग न गेलेल्यांनाही होतो. हिमाच्या थरांतून पूर्वीच्या हवामानाचा इतिहास वाचता आला, ओझोनचे विवर सापडले, ते या केंद्रांमुळेच. तरीही "आम्ही विज्ञानासाठी आलो आहोत" हा काही माफीचा परवाना नव्हे. नियम त्यांनाही हवेत.

दुसरा मुद्दा, कंपन्या स्वतःहून शिस्त पाळतात. हेही बव्हंशी खरे आहे. १९९१ मध्ये सात कंपन्यांनी मिळून एक संघटना काढली. आज बहुतेक सगळ्या सफरी तिच्या नियमांनी चालतात. ५०० हून अधिक प्रवासी असलेली जहाजे कोणालाही उतरवत नाहीत. एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी उतरत नाहीत. बहुतेक मार्गदर्शकांना या प्रदेशाविषयी मनापासून प्रेम असते. प्रवाशांनी काढलेल्या देवमाशांच्या शेपट्यांच्या छायाचित्रांचा संशोधनाला उपयोगही होतो. प्रत्येक शेपटीवरची नक्षी आपल्या बोटांच्या ठशांसारखी वेगळी असते, आणि तिच्यावरून तो देवमासा कोठून कोठे गेला हे कळते.

तिसरा मुद्दा लिंडब्लाडचाच. पाहिल्याशिवाय प्रेम कसे बसणार? याचे उत्तर मी तुमच्यावरच सोपवतो. चंद्रावर आजवर फक्त बारा माणसांनी पाऊल ठेवले. मग बाकीच्यांचे चंद्रावर प्रेम नाही का?

'पुरे' कोणी म्हणायचे?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. नियमाचे शब्द पुन्हा वाचा. एका वेळी १०० माणसे. ठीक. पण हंगामात एकूण किती जहाजे?  याला मर्यादाच नाही! प्रत्येक जहाजाने नियम तंतोतंत पाळला, तरी जहाजांची संख्या दुप्पट झाली की माणसे दुप्पट, काजळी दुप्पट आणि अपघाताची शक्यताही वाढलेली. कोणीच चूक केलेली नाही, आणि तरी नुकसान होतेच आहे. नियम आहेत ते पाहुण्याने कसे वागावे याचे. एकूण पाहुणे किती असावेत, याचा नियमच नाही.

उत्तरेकडे पाहा. उत्तर ध्रुवाच्या वाटेवर स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. तेथे जुलै २०१८ मध्ये एका प्रवासी जहाजाचे रक्षक किनाऱ्याची पाहणी करण्यासाठी उतरले. एका पांढऱ्या अस्वलाने त्यांच्यातील एकावर हल्ला केला, तो जखमी झाला आणि दुसऱ्यांनी अस्वलाला गोळी घालून ठार केले. जगभर हळहळ झाली. रक्षकाचा जीव वाचवणे भागच होते, त्याला दोष देता येणार नाही. पण अस्वल काही जहाजावर गेले नव्हते. माणसे त्याच्या घरी गेली होती. या बेटांवर नॉर्वेची सत्ता आहे. नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून नवे नियम लागू केले. संरक्षित भागात २०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना बंदी केली आणि उतरण्यासाठी तेथे फक्त ४३ ठिकाणे ठरवून दिली. घरमालकाने 'पुरे' म्हटले, आणि ते पाळणे भाग पडले.

अंटार्क्टिकाला घरमालक नाही. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने सर्व देशांचे मालकीहक्काचे दावे बाजूला ठेवले आणि हा खंड शांततेसाठी व विज्ञानासाठी राखला. माणसाच्या इतिहासातील ही एक फार सुंदर गोष्ट आहे. १९९१ मध्ये माद्रिद येथे झालेल्या पूरक कराराने तेथे खाणकामालाही बंदी केली. पण जे सर्वांचे असते, त्याला 'पुरे' म्हणायला सर्वांचे एकमत व्हावे लागते. आणि एकमत व्हायला वर्षानुवर्षे लागतात. जहाजे बांधायला तेवढी वर्षे लागत नाहीत.

म्हणून माझे मत असे. अंटार्क्टिकाचे पर्यटन बंद करावे असे मी म्हणत नाही. पण एका हंगामात एकूण किती जहाजे आणि किती माणसे जावीत, याची मर्यादा करार केलेल्या देशांनी ठरवावी, आणि ती शास्त्रज्ञांच्या मोजणीवरून ठरावी. जहाजात किती खोल्या आहेत यावरून नव्हे. काही किनारे कोणालाही, शास्त्रज्ञांनाही, कधीच न उतरण्यासाठी राखून ठेवावेत. जे जातील त्यांच्याकडून त्या प्रदेशाच्या देखरेखीसाठी कर घ्यावा. आणि पाणबुडी, हेलिकॉप्टर यांसारख्या चैनी तेथे नसाव्यात. ज्याला हिमनदी पाहायची आहे त्याने तिचे मौन ऐकावे. पंख्यांच्या घरघरीत ते कसे ऐकू येणार?

"म्हणजे मग थोड्याच लोकांना जाता येणार, आणि तेही श्रीमंतांनाच," असा आक्षेप कोणी घेईल. तो बिनतोड आहे. आजही श्रीमंतच जातात. पण सर्वांना जाता यावे म्हणून दारे सताड उघडली, तर जाण्यासारखे काही उरणार नाही. त्यापेक्षा मर्यादेतल्या काही जागा सोडतीने द्याव्यात. शिक्षकांना, विद्यार्थ्यांना, चित्रकारांना, ज्यांच्या तोंडून आणि हातून हजारो जणांना तो प्रदेश कळेल अशांना. एकाने पाहावे आणि दहा हजारांना दाखवावे, यात मला अधिक न्याय दिसतो.

आपला काय संबंध?

तुम्ही म्हणाल, हा सारा बड्या देशांचा व्यवहार, आपण शाळेत बसून काय करणार? पण या पंक्तीत आपले पान मांडलेले आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोचली. १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि त्याच वर्षी त्याला निर्णयात मत देण्याचा अधिकार मिळाला. 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली केंद्रे तेथे आहेत, आणि त्यांची व्यवस्था पाहणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्को येथे आहे. २०२२ मध्ये भारताने अंटार्क्टिकासंबंधी स्वतःचा कायदाही केला. मे २०२४ मध्ये करारातील देशांची बैठक कोची येथे भरली आणि पर्यटनाला नियमांची एक चौकट आखण्याचे काम तेथे हाती घेण्यात आले. ते काम सोपे नाही. पण त्या टेबलाभोवती भारताची एक खुर्ची आहे, हे विसरू नका.

माद्रिदच्या करारातील तरतुदींचा फेरविचार करण्याची मागणी २०४८ पासून कोणताही मताधिकारी देश करू शकेल. आज नववी-दहावीत असलेले तुम्ही तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर असाल. त्या खुर्चीवर तुमच्यापैकी एखादा बसलेला असेल, एखादी तेथल्या हिमाची काजळी मोजत असेल, आणि बाकीचे निदान मतदार तरी असतीलच. तेव्हा घाईघाईने मत बनवण्यापेक्षा आजपासून माहिती गोळा करायला लागलेले बरे.

जाहिरात घेऊन आलेली ती मुलगी जाता जाता म्हणाली, "सर, मला कधी जायला मिळालं तर मी जाऊ का नको?"

मी तिला सांगितले, "जा. पण आधी स्वतःला विचार, मी तिथं गेल्यानं तिथलं काही वाढणार आहे, की नुसतं कमीच होणार आहे? काही वाढणार असेल, तर अवश्य जा."

ती थोडा वेळ चित्रातल्या तीन पेंग्विनकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आणि त्यांना कोण विचारणार?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तुमच्यापाशी असेल, तर जरूर लिहून कळवा.